स्टेशनावरचीं हिशेबी मुलें

आमच्या सोलापूर शहरांत रस्त्यावर वाढणारीं मुलें किती आहेत, हा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो आणि त्याचें उत्तर देण्याचें आम्ही नेहमीं टाळतों. कारण विचारणाराच्या मनांत एकच चित्र असतें : फाटका सदरा, विस्कटलेले केस आणि पुढें केलेला हात. वास्तविक पाहतां अशा मुलांचे निदान तीन वर्ग आहेत व त्यांचें दुःख एक नाहीं. कांहीं मुलें घर सोडून आगगाडीनें आलेलीं व खरोखरच एकटीं असतात. कांहींचें बिऱ्हाडच पुलाखालीं किंवा रस्त्याच्या कडेस असतें. आई व लहान भावंडें तेथेंच असतात. आणि आम्हांस सर्वांत अधिक भेटलेला वर्ग तो, ज्यास घर आहे, परंतु ज्याचा दिवस सात रस्ता, नवी पेठ, एस. टी. स्टँड किंवा सिद्धेश्वराच्या देवळाची वाट येथें जातो. हीं मुलें रात्रीं घरीं जातात व दिवसाची मिळकत आईच्या हातांत देतात. पहिल्यांस आसरा हवा, दुसऱ्यांस घर हवें, तिसऱ्यांस वेळ हवा. तिघांसही एका पंगतींत बसवून खिचडी वाढली म्हणजे आपलें कर्तव्य संपलें असें मानणारे दाते पुष्कळ आहेत. ते सज्जन आहेत याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु खिचडी खाऊन झाल्यावर मूल पुन्हा कोठें जातें हें पाहण्यास ते क्वचितच थांबतात.

आम्ही व आमचे दोन स्नेही गेलीं कांहीं वर्षें दर शनिवारीं व रविवारीं सायंकाळीं एका धर्मादाय संस्थेच्या वर्गावर शिकविण्यास जातों. वर्ग स्टेशनापासून फार लांब नाहीं. संस्थेचें नांव येथें देत नाहीं. तिच्या चालक बाईंस तें रुचणार नाहीं. त्या वर्गांत तेरा वर्षांचा एक मुलगा होता. पुण्यामुंबईकडील गाड्या फलाटास लागल्या कीं डब्यांतून पाण्याच्या रिकाम्या बाटल्या गोळा करणें हा त्याचा व्यवसाय. एके दिवशीं आम्हीं त्यास फळ्यावर अपूर्णांकाचा गुणाकार घातला. तो गप्प बसला. मग आम्हीं विचारलें, “बाटल्यांचा भाव काय रे?”

“चोवीस रुपये किलो.”

“आणि पावणेचार किलो भरल्या तर?”

आमचें वाक्य पुरें होण्यापूर्वींच उत्तर आलें, “नव्वद. पण भंगारवाला पंच्याऐंशीच देतो की. पाच रुपये पोत्याचे कापतो.”

फळ्यावर अडलेला मुलगा पावकी-निमकीच्या हिशेबांत आमच्या पुढें होता. मात्र भंगारवाल्याच्या वहींत आपल्या नांवापुढें काय लिहिलें आहे हें त्यास वाचतां येत नव्हतें. आंकडे ओळखीचे, अक्षरें परकीं.

तो दोन महिने नेमानें आला. मग मकरसंक्रांत आली, होम मैदानावर गड्डा भरला आणि तो फिरकेनासा झाला. आम्हीं त्यास गड्ड्यांत फुगे विकतांना गांठलें. रागावण्याचा आमचा विचार नव्हता, तरी त्यानें आधींच खुलासा केला, “सर, शाळा उद्या बी हाय की. गड्डा संपला की संपला.”

हें उत्तर उद्धटपणाचें नव्हतें. तो बाजाराचा नियम होता. शेतकरी पेरणीच्या दिवसांत मुलास शाळेंतून काढून घेतो तेव्हां आपण त्यास अडाणी म्हणतों, आणि व्यापारी दिवाळींत मुलास दुकानावर बसवितो तेव्हां त्यास व्यवहारदक्ष म्हणतों. गड्डा ही त्या मुलाची दिवाळी होती. चालक बाईंनीं त्यास बोल लावला नाहीं. त्यांनीं जत्रेच्या दिवसांपुरता वर्गच मैदानाजवळ हलविला व रात्रीं नऊस ठेवला; विषय एकच, रोजचा जमाखर्च लिहिणें. फुगे किती घेतले, किती विकले, किती फुटले. ‘फुटले’ हा शब्द तो मुलगा त्या आठवड्यांत लिहावयास शिकला.

वाचकांपैकीं जे पालक आहेत त्यांस आमचें सांगणें असें कीं, रस्त्यावरचें मूल हें रिकामें मूल नव्हे. तें मिळवितें. त्यास आपल्या तासाची किंमत ठाऊक असते. सकाळीं अकरा वाजतां शाळेंत ये असें जेव्हां आपण त्यास सांगतों, तेव्हां दुकान बंद कर असेंच सांगत असतों. आणि दुकान बंद ठेवल्यावर घरची चूल कोणीं पेटवावयाची याचें उत्तर बहुधा आपल्यापाशीं नसतें. जी संस्था या प्रश्नाचें उत्तर देते तीच टिकते. बाकीच्यांचीं छायाचित्रें तेवढीं टिकतात.

अशा मुलांस अक्षर आणि उद्योग एकत्र द्यावा ही कल्पना नवी नाहीं. १८५० सालच्या १९ व्या कायद्यानें पोरक्या व गरीब मुलांस कारागिराच्या हाताखालीं उमेदवार म्हणून ठेवण्याची सोय केली. १८५७ पासून मुंबईस डेव्हिड ससून यांच्या नांवाची उद्योगशाळा चालत आली. आमच्याच जिल्ह्यांत पंढरपुरास १८७५ सालीं, तेथें न्यायाधीश असलेले लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकारानें, प्रार्थनासमाजानें टाकलेल्या व अनाथ बालकांसाठीं आश्रम काढला. आणि पुढच्याच वर्षीं दक्षिणेंत तो भयंकर दुष्काळ सुरू झाला. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांनीं तर पोरक्या मुलांचे थवेच्या थवे मिशनांच्या व आश्रमांच्या दाराशीं आणून सोडले. त्यांस जेवूं घालणें हें पहिलें काम होतें. परंतु वर्ष दोन वर्षांत सर्वांसच कळून चुकलें कीं हीं मुलें मोठीं होणार, आणि मोठीं झाल्यावर करणार काय?

पुण्याहून सोलापुरास येणारी गाडी केडगांवावरून येते. तेथें पंडिता रमाबाईंनीं दुष्काळांतून आणलेल्या मुली व स्त्रिया विणकाम करीत, शिवीत, गाईम्हशी पाळीत, तेल काढीत आणि छापखान्यांत खिळे जुळवीत. बाईंनीं केलेलें बायबलचें भाषांतर त्याच छापखान्यांत छापलें गेलें. आमच्या मतें जुन्या प्रयोगांत हा सर्वांत शहाणा. कारण तेथें उद्योग हा शाळेच्या वेळापत्रकांतील एक तास नव्हता; गाईचें दूध घरांत प्यालें जाई, कापड घरांत वापरलें जाई, आणि छापलेलें पान दुसऱ्या दिवशीं वाचलें जाई. शिकणारीस आपल्या कामाची गरज डोळ्यांनीं दिसत असे.

अहमदनगरास (आतांचें अहिल्यानगर) याच सुमारास अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल हे अभियंते दुष्काळांतील मुलांच्या पोटापाण्याचा विचार करीत होते. त्यांनीं अधिक वेगानें चालणारा हातमाग तयार केला. माग चांगला होता. परंतु पुढें विजेवर चालणारे माग आले, व हातमागावर पोट भरणें कोठेंच सोपें राहिलें नाहीं. यांत चर्चिल यांचा दोष कांहींच नाहीं. मात्र मुलास धंदा शिकवितांना आज कोण विकत घेतो एवढेंच पाहून भागत नाहीं, दहा वर्षांनीं कोण विकत घेईल हेंही पाहावें लागतें, एवढें यावरून दिसतें. सोलापूरकरांस तर हें वेगळें सांगावयास नको. ज्या गिरण्यांच्या भोंग्यावर शहर उठत असे त्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि ज्यांच्या बापास ‘एकदां गिरणींत चिकटला म्हणजे झालें’ असें वाटत होतें त्यांचीं नातवंडें आज आमच्या वर्गांत येतात.

त्या गिरण्यांतही मुलें होतींच. १८८१ च्या कारखान्यांच्या कायद्यानें सात वर्षांखालील मुलास कामावर घेण्याची मनाई केली, व बारा वर्षांखालील मुलाकडून दिवसा नऊ तासांहून अधिक काम घेऊं नये असें ठरविलें. सात वर्षांच्या मुलास नऊ तास! आणि ही त्या काळची सुधारणा होती. १८९१ सालीं सातांचीं नऊ वर्षें झालीं, १९२२ सालीं बारा झालीं. आज चौदा वर्षांखालील मुलास शाळेच्या वेळेबाहेर घरच्या धंद्यांत हातभार लावण्यापलीकडे प्रायः कोणतेंही मोलाचें काम देतां येत नाहीं, व अठरापर्यंत धोक्याच्या कामावर ठेवतां येत नाहीं. हा प्रवास लहान नव्हे.

येथें आमच्या शहरांतील एका कटू आठवणीचा उल्लेख टाळतां येत नाहीं. १९११ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याखालीं सोलापुरांत मोठी वसाहत वसविण्यांत आली. तीस तारेचें कुंपण होतें, हजेरी होती, आणि आंतील माणसें गिरण्यांत कामास जात. वसाहतीची व्यवस्था कांहीं काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होती. मुलांसाठीं शाळा होती. शिक्षक मनापासून शिकवीत असतील यांत आम्हांस संशय नाहीं. परंतु ज्या कायद्याखालीं ती शाळा चालत होती तो कायदा मुलास जन्मावरून गुन्हेगारांत मोजीत होता, आणि त्यास आईबापांपासून तोडून उद्योगशाळेंत ठेवण्याचा अधिकार सरकारास देत होता. शाळा होती, काम होतें, मजुरी होती. तरीही तिला कोणी उपकार म्हणून आठवीत नाहीं. मुंबई प्रांतांत तो कायदा १९४९ सालीं व सर्व देशांत १९५२ सालीं रद्द झाला. ‘सेटलमेंट’ हें नांव मात्र त्या वस्तीस अद्याप चिकटून आहे. आमच्या वर्गांत कोणी मूल कोणत्या वस्तींतून येतें हें आम्ही पटावर लिहीत नाहीं, त्याचें कारण हें.

उलट साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९२४ सालीं जें वसतिगृह काढलें, तेथें मुलें स्वतः राबत, स्वतः रांधीत व शिकत. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द आज पुष्कळ भिंतींवर रंगविलेले दिसतात. त्यांतील ‘आणि’ हा शब्द आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रस्त्यावरच्या मुलास आपण बहुधा ‘किंवा’ देतों : कमव, किंवा शीक.

आतां कायदा कोणता दरवाजा उघडतो तें पाहूं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें कधींही शाळेंत न गेलेल्या दहा वर्षांच्या मुलास पहिलींत नव्हे, तर त्याच्या वयाच्या मुलांबरोबर वरच्या इयत्तेंत बसविलें पाहिजे, व मागें राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठीं त्यास खास शिकविलें पाहिजे. कायदा उदार आहे. परंतु तें खास शिकविणें जेथें होत नाहीं तेथें मूल पांचवीच्या शेवटच्या बाकावर बसून पुस्तकांतील चित्रें पाहतें आणि आठ दिवसांनीं फलाटावर परत येतें. धर्मादाय वर्गाचें खरें काम येथें आहे : शाळेची जागा घेणें नव्हे, तर शाळेंत टिकेल इतकें अक्षर त्याच्या हातांत देणें. दहावीसाठीं १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसण्याची सोय आहे. आमच्या वर्गांतील कांहीं मोठीं मुलें त्याच वाटेनें चाललीं आहेत.

दुसरा दरवाजा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा, म्हणजे आय. टी. आय. चा. तेथें चौदा वर्षें पुरीं झाल्यावर प्रवेश मिळतो. परंतु बहुतेक व्यवसायांस दहावी उत्तीर्ण असावें लागतें. वेल्डर, वायरमन, प्लंबर, शिवणकाम अशा थोड्यांस आठवी चालते. म्हणजे आठवी हा आमच्या मुलांचा खरा उंबरठा. जो मुलगा सातवींत गळला तो वेल्डिंगच्या दुकानांत हेल्पर होईल, डोळ्यांवर चष्मा न घालतां ठिणग्या पाहील, आणि तिशींतही हेल्परच राहील. जो आठवी झाला त्यास प्रमाणपत्र मिळेल. एका इयत्तेचें हें अंतर आहे. त्यासाठीं वर्षभर कोणाच्या तरी घरीं दरमहा थोडे पैसे पोंचविण्याची गरज असते, व तेथें दात्यांचा रुपया सर्वांत जास्त फळतो असा आमचा अनुभव आहे. सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेंतही गरजू मुलास घरींच ठेवून शिकवितां यावें म्हणून महिना ४,००० रुपयांच्या साहाय्याची तरतूद आहे. अर्ज मात्र कोणीतरी भरून द्यावा लागतो.

आमच्या सोलापुरास देवानें एक विलक्षण सोय दिली आहे. चादर व टॉवेल यांच्याइतकेंच हें शहर आज गणवेशासाठीं ओळखलें जातें. दूरदूरच्या शाळांचे सदरे, चड्ड्या, फ्रॉक येथें कापले व शिवले जातात. अशा शहरांत शिवणकाम शिकविणें म्हणजे गड्ड्यांत फुगे विकण्यासारखेंच आहे. गिऱ्हाईक समोर उभें असतें. संस्थेनें सहा यंत्रें घेतलीं. तीं घरगुती पायडलचीं घ्यावीं असें एका दात्याचें म्हणणें होतें, कारण तीं स्वस्त पडतात. चालक बाईंनीं तीं घेण्याचें साफ नाकारिलें. कारखान्यांत विजेवर चालणारें यंत्र असतें, ओव्हरलॉक असतें, काज-बटणाचें वेगळें असतें. पायडलवर शिकलेली मुलगी तेथें पहिल्या दिवशींच घाबरते आणि मुकादम तिला धागे कापण्यास बसवितो. नगावर मजुरी मिळते, तेव्हां हाताचा वेग हेंच भांडवल. बाई म्हणाल्या, “जुनें यंत्र देणें म्हणजे त्यांस जुनीच मजुरी देणें होय.” त्या दात्यानें पुढें ओव्हरलॉक दिलें, हेंही सांगितलें पाहिजे.

मुलींविषयीं दोन शब्द लिहितों, कारण त्या बारा-तेराव्या वर्षीं रस्त्यावरून दिसेनाशा होतात आणि लोक समजतात कीं त्या सुधारल्या. बहुधा त्या घरांत धाकट्या भावंडांपाशीं बसलेल्या असतात, किंवा विड्या वळीत असतात, किंवा त्यांच्या लग्नाची बोलणीं चाललेलीं असतात. म्हणून शिवणाच्या वर्गाशेजारीं एक पाळणाघर आहे. तें काढल्यावर मुलींची हजेरी जशी वाढली तशी कोणत्याही उपदेशानें वाढली नव्हती.

एकट्या आलेल्या मुलांची गोष्ट निराळी. त्यांस आम्ही शिकवूं लागण्यापूर्वीं त्यांचा ठावठिकाणा लागला पाहिजे. अशा मुलांसाठीं मुंबईस १९८७ पासून डॉन बॉस्को यांचें वडाळ्याचें आश्रयस्थान आहे; आणि १०९८ हा दूरध्वनि तर १९९६ सालीं तेथील टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या एका प्रयोगांतूनच निघाला. आज तो सरकारी व्यवस्थेंत चालतो व कोणत्याही गांवाहून फुकट लागतो. विद्यार्थीमित्रांनो, फलाटावर एखादें लहान मूल एकटें व भेदरलेलें दिसल्यास त्यास बिस्किटाचा पुडा देऊन पुढें न जातां हा क्रमांक लावा, किंवा रेल्वे पोलिसांस सांगा. मूल पळून आलें असेल तर पहिला दिवस हाच महत्त्वाचा. आठवडा झाला कीं स्टेशन त्यास आपलेंसें करितें.

आणि शनिवारीं, अमावास्येस चौकांत जीं नाणीं आपण मुलांच्या हातावर ठेवतों तीं? आम्हांस विचाराल तर तीं देऊं नयेत. जें मूल हात पसरून बाटल्या वेचणाऱ्यापेक्षां अधिक मिळवितें, तें बाटल्याही वेचणार नाहीं आणि वर्गांतही येणार नाहीं. आमचें हें मत पुष्कळांस कठोर वाटतें. आमच्या घरींही यावरून वाद झाले आहेत व ते मिटलेले नाहींत.

तो बाटल्यांचा मुलगा आतां सोळा वर्षांचा आहे. गेल्या वर्षीं तो आठवी झाला. अशोक चौकाच्या बाजूस एक गणवेशाचा कारखाना आहे. तेथील कटिंग मास्तरांनीं त्यास महिनाभर पाहिलें आणि कापडाचा हिशेब त्याच्याइतका लौकर कोणी करीत नाहीं असें सांगितलें. एका थानांत अडतीस मापाचे किती सदरे निघतील, किती चिंधी वायां जाईल, हें तो तोंडीं सांगतो. सकाळीं आय. टी. आय. चा शिवणकामाचा वर्ग आणि संध्याकाळीं तीन तास मास्तरांच्या हाताखालीं उमेदवारी, असें ठरलें आहे. पगार त्याच्या स्वतःच्या खात्यावर जमा व्हावा असा संस्थेचा आग्रह आहे, कारण हातांत आलेला पैसा वस्तींत राहत नाहीं.

खातें मात्र अद्याप निघालेलें नाहीं. त्याचा जन्म कोठें झाला हें त्याच्या आईस ठाऊक आहे, केव्हां झाला हें नाहीं; “लई पाऊस पडला होता” एवढेंच ती सांगते. जन्माचा दाखला नाहीं, भाड्याच्या खोलीचा करार नाहीं, रेशनकार्डावर त्याचें नांव नाहीं. आय. टी. आय. च्या अर्जासाठीं शाळेचा दाखला चालला. बँकेस आणखी कागद हवे आहेत. सोमवारीं ती माउली, चालक बाई व आम्ही असे तिघे महानगरपालिकेच्या जन्ममृत्यु नोंदणीच्या कचेरींत जाणार आहों. मुलगा येणार नाहीं. त्या दिवशीं त्याची अर्धवार्षिक परीक्षा आहे.